शट डाऊनची कैफियत

पैसे मोजून घरी आणलेले यंत्र बंद करण्याचा अखत्यार मालकाचा की खुद्द यंत्राचा, हा प्रश्न विजेच्या पंख्याच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या बाबतीत कोणाच्या मनात कधी उद्भवला नाही; पण संगणक घरोघर आला आणि ‘शट डाऊन’ या अक्षरांवर टिचकी मारून पडद्यावर गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे हताशपणे पाहत बसण्याची पाळी भल्याभल्यांवर आली, तेव्हापासून तो प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. आमच्या शेजारी राहणारे, कोषागारातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सारी आळी मामा म्हणते, आणि संगणकदुरुस्तीवर चरितार्थ चालविणारा त्यांचा सख्खा भाचा यांच्यामध्ये या विषयावर जो वाद झाला तो मी साद्यंत ऐकला. आणि तिऱ्हाइताने निकाल देऊ नये असा शिष्टाचार असला तरी तो पाळण्याचा माझा इरादा नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

प्रकरण असे होते. मामांचा संगणक टेबलाखाली पेटी आणि टेबलावर पडदा अशा घडणीचा, विंडोज १० वर चालणारा. त्याला बंद होण्याचा हुकूम दिला की कधी ते ठिपके पाव पाव तास फिरत राहत. आणि बहुधा असे होई की, पडदा काळाभोर झाला तरी पेटीतला पंखा घोंघावतच राही व दर्शनी भागावरचा दिवा तसाच जळत राही. मामा थोडा वेळ वाट पाहत, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवीत, आणि मग भिंतीवरचे बटण खट्कन बंद करीत.

मामा : यात दुरुस्त करण्यासारखे काय आहे, तेच मला उमगत नाही. यंत्र बंद होत नाही. मी बटण दाबतो. ते बंद होते. कनिष्ठाने हुकमाची तामिली केली नाही तर वरिष्ठाने ती स्वतः करावी, इतकाच याचा अर्थ.

भाचा : मामा, तुमची उभी हयात कोषागारात गेली. संध्याकाळी रोकड मोजून झालेली नाही, रोजकीर्दीशी तिची रुजुवात पडलेली नाही, भक्कम खोलीला दुहेरी कुलूप लागलेले नाही, आणि शिपायाने येऊन दिव्यांचे मुख्य बटण खाली ओढले, तर कचेरी बंद झाली असे तुम्ही म्हटले असते काय?

मामा : त्या शिपायाला दुसऱ्या दिवशी माझ्या सहीची नोटीस मिळाली असती.

भाचा : मग रागावू नका, पण तो शिपाई सध्या तुम्ही आहात. वीज तोडण्याचे काम शट डाऊनमध्ये सगळ्यांत शेवटी येते. त्याआधी उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला विंडोज विचारते की, हे सत्र बरखास्त करण्यास तुझी हरकत आहे काय. ज्याच्याजवळ जतन न केलेला मजकूर पडून आहे तो हरकत नोंदवतो, आणि जो साधारण ५ सेकंदांच्या मुदतीत उत्तरच देत नाही तो बेशुद्ध आहे असे धरले जाते. मग पडद्याआडच्या सर्व्हिसेस एकेक करून थांबवल्या जातात. त्यांनाही मुदत असते, विंडोज ७ मध्ये ती १२ सेकंदांची होती, ८ पासून ५ सेकंदांची झाली. स्मृतीत राहिलेला व डिस्कवर उतरायचा राहिलेला मजकूर त्यानंतर डिस्कवर उतरतो, आणि सरतेशेवटी वीजपुरवठ्याला इशारा जातो.

मामा : माझी हरकत या आवराआवरीला नाही, ती बेमुदत चालते तिला आहे. तू म्हणतोस ५ सेकंद. मी पाव तास ठिपके पाहिले आहेत. मुदत ठरवायची आणि ती उलटल्यावर काहीच करायचे नाही, हा कारभार मी सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिला. तो यंत्रात पाहावा लागेल असे वाटले नव्हते.

(येथे मामांची बाजू मला वरकरणी वाटली त्यापेक्षा भक्कम आहे हे कबूल केले पाहिजे. सर्व्हिसला मुदत लावता येते, कारण तिच्यावर कर्नलचा, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचा, अंमल चालतो. पण मदरबोर्डवरील एखाद्या भागाशी बोलणारा ड्रायव्हर त्या गाभ्यातच बसलेला असतो, आणि तो एखाद्या उत्तराची वाट पाहत अडकला तर त्याला खेचून बाहेर काढील असा वरचा अधिकारी उरत नाही. पाव तासाचे ठिपके बहुधा अशा ठिकाणी फिरत असतात. किंवा अद्ययावतीकरणाच्या फायली बसविण्याचे काम चाललेले असते, पण त्या वेळी पडद्यावर तसे लिहिलेले तरी असते.)

भाचा : म्हणून तर कुठे अडले ते आधी पाहायचे. निळ्या पडद्यावर प्रोग्रॅमच्या नावांची यादी आणि खाली ‘तरीही बंद करा’ अशा अर्थाचे बटण दिसले, तर अडवणूक प्रोग्रॅमची, आणि अडवणाऱ्याचे नाव समोर छापलेले. लोक ते नाव न वाचता पेटी उचलून माझ्या दुकानात आणतात. बहुधा एक्सेलमधला कुठलासा तक्ता जतन करायचा राहिलेला असतो. नुसते ठिपके फिरत राहिले तर सर्व्हिस, ड्रायव्हर किंवा अपडेट. आणि पडदा काळा होऊन पंखा चालूच राहिला, तर घरातली आवराआवर बहुतेक संपली आहे, फक्त शेवटचा इशारा पोहोचला नाही.

मामा : आमच्या कचेरीत पहिला संगणक आला त्याला असला इशारा-बिशारा लागत नसे. विंडोज ९५ होते. बंद करायला सांगितले की थोडी घरघर होई, मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत येई की, आता संगणक बंद करणे सुरक्षित आहे. ते वाचायचे आणि पेटीवरचे जाडजूड बटण स्वतःच्या बोटाने दाबायचे. यंत्राने अहवाल द्यायचा, माणसाने अंमलबजावणी करायची. यापेक्षा चोख व्यवस्था मला माहीत नाही.

भाचा : चोख होतीच. त्या जुन्या, एटी नावाच्या घडणीच्या पेट्यांत बटणामधून प्रत्यक्ष घरातली वीज वाहत असे, त्यामुळे विंडोजच्या हाती ती तोडण्याचे साधनच नव्हते. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची नवी घडण काढली आणि वीज मदरबोर्डच्या इशाऱ्यावर आली. एसएमपीएसमधून, म्हणजे पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, निघणाऱ्या तारांच्या जुडग्यात एक हिरवी तार असते. ती जमिनीच्या तारेशी जोडलेली आहे तोवर पुरवठा चालू, सोडली की बंद. पेटीवरचे बटण आता वीज तोडत नाही, मदरबोर्डला नुसती वर्दी देते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचा जो तहनामा प्रसिद्ध केला, त्यात विंडोजने मदरबोर्डला काय सांगायचे आणि मदरबोर्डने त्याचा काय अर्थ घ्यायचा हे कलमवार लिहिले. झोपेच्या पायऱ्यांना त्यात क्रमांक आहेत. पूर्ण बंद म्हणजे एस-५.

मामा : आणि त्या एस-५ मध्ये वीज पूर्ण तुटते?

भाचा : पूर्ण नाही. ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह कायम राहतो. तो नसता तर सकाळी बटणाची वर्दी ऐकायला कोणी जागे नसते.

मामा : ऐकलेत? (हे मला उद्देशून.) म्हणजे बंद म्हटलेले यंत्र रात्रभर पहारा करीत असते, मदरबोर्डवरचा दिवा मिणमिणत असतो, आणि मला मात्र सांगतात की तू शिपायासारखे वागलास.

भाचा : तो पहाराच कधी नडतो. नेटवर्कच्या तारेवरून आलेल्या संदेशाने संगणक उठवण्याची सोय असते. ती नको तिथे चालू राहिली की बंद केलेले यंत्र आपोआप सुरू झालेले दिसते. कधी उलट होते : बंद होता होताच एखादा ड्रायव्हर कोसळतो, आणि कोसळल्यास आपोआप पुन्हा सुरू हो असे विंडोजला मुळातच सांगून ठेवलेले असल्याने शट डाऊनचे रिस्टार्ट होते. त्या सूचनेपुढची खूण काढून टाकली की पुढच्या वेळी दोषाची निळी पाटी पडद्यावर थांबून राहते आणि वाचता येते. पण तुमच्या यंत्राचे दुखणे यांपैकी नाही.

मामांना दुखणे कोणते यापेक्षा पुरावा कोणता यात अधिक रस होता, हे ओळखून भाच्याने त्यांना इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. आणि मला वाटते, त्या संध्याकाळी मामांच्या मनात संगणकाविषयी आदराची जी पहिली रेघ उमटली ती याच घटकेस. विंडोज रोजनामा ठेवते, आणि तो सरकारी कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीस लाजवील इतका तपशीलवार असतो, याची त्यांना कल्पना नव्हती. १०७४ क्रमांकाची नोंद म्हणजे बंद करण्याचा हुकूम कोणी, कोणत्या प्रोग्रॅममार्फत दिला त्याची. ६००६ म्हणजे नोंदवही ठेवणारी सर्व्हिस रीतसर थांबल्याची. ६००८ म्हणजे याआधीचे बंद होणे अनपेक्षित होते अशी, दुसऱ्या दिवशी मागाहून घातलेली नोंद. आणि तांबड्या खुणेचा ४१ क्रमांक, कर्नल-पॉवर या मथळ्याखाली : यंत्र रीतसर बंद न होताच थांबले होते. मामा बोटाने ओळी मोजीत खाली खाली गेले. ज्या ज्या संध्याकाळी ठिपके फिरत असताना त्यांनी भिंतीवरचे बटण ओढले होते, त्या त्या तारखेनंतरच्या सकाळी ४१ हजर होता.

मामा : याने माझ्याविरुद्ध दप्तर उघडले आहे की काय?

भाचा : तुमचे नाव नाही घातले त्याने. वीज गेली की तुम्ही ओढली, ते त्याला कळत नाही; भारनियमनाच्या दिवसांतही हीच नोंद पडत असे.

मामा : पण इतक्या वेळा ओढूनही माझी एक फाईल हरवली नाही. मग तुझ्या आवराआवरीचे महत्त्व कशावरून मानायचे?

भाचा : कारण एनटीएफएस. १९९३ च्या विंडोज एनटीपासून आलेली ही फाईलव्यवस्था कोणताही फेरफार करण्यापूर्वी आपल्या टिपणवहीत तो लिहून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुन्हा उठल्यावर टिपण वाचून अर्धवट व्यवहार पुरा करते किंवा रद्द करते. पण हे टिपण फायलींच्या नावांचे, जागांचे, याद्यांचे. फायलीच्या आतल्या मजकुराचे नाही. खतावणीची अनुक्रमणिका शाबूत राहील, आणि ज्या पानावर तुम्ही शेवटची रक्कम लिहीत होता ते पान कोरे निघेल. आजवर निघाले नाही हा योग.

मामा काही क्षण गप्प राहिले. हिशेबनिसाला कोरे पान हा शब्दप्रयोग जितका झोंबतो तितका इतरांना झोंबणार नाही.

पुढची तपासणी पाहण्यासारखी होती, कारण तीत एकही स्क्रू फिरवावा लागला नाही. भाच्याने प्रथम रिस्टार्ट दिला. यंत्र विनातक्रार थांबले आणि पुन्हा उठले. मग त्याने शिफ्टची कळ दाबून धरली आणि ती न सोडता शट डाऊनवर टिचकी मारली. पडदा काळा झाला, पंख्याचा आवाज उतरत गेला आणि दिवा विझला. मामांनी भिंतीवरच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

मामा : हा काय मंत्र?

भाचा : मंत्र नव्हे, खरे शट डाऊन. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून साधे शट डाऊन पुरते बंद करीतच नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुमचे सत्र मिटते. पण विंडोजचा गाभा, त्यातल्या ड्रायव्हरांसकट, आहे त्या स्थितीत डिस्कवरच्या एका फायलीत उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो, म्हणजे सुरू व्हायला वेळ कमी लागावा. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. रिस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने होते. तुमचे यंत्र रिस्टार्टला थांबते, शिफ्टसकट शट डाऊनला थांबते आणि साध्या शट डाऊनला अडते. म्हणजे दोष या उतरवून ठेवण्याच्या वाटेवर आहे.

यानंतर त्याने अप टाइमचा आकडा दाखवायला टास्क मॅनेजर उघडायचे ठरवले होते, पण रिस्टार्टने तो आकडा शून्यावर आलेला. तेव्हा त्याने आपल्या लॅपटॉपवर दाखवला. तो रोज रात्री बंद केला जात असूनही आठवड्याहून अधिक काळ सतत चालू असल्याचे त्यात लिहिलेले होते. मामा खुर्चीवरून उठले.

मामा : आता मात्र मी तुला सोडणार नाही. आत्तापर्यंत तू मला शिपाई म्हणालास, ते मी ऐकून घेतले. पण ज्या बटणावर ‘बंद करा’ लिहिले आहे ते बंद करीत नाही, ज्यावर ‘पुन्हा सुरू करा’ लिहिले आहे तेच खरे बंद करते, आणि हे जाणण्यासाठी गिऱ्हाइकाने एक गुप्त कळ दाबून धरायची, हा व्यवहार कोणत्या नीतीत बसतो? एखाद्या कोषागाराने संध्याकाळी हिशेब बंद झाला असे लेखी कळवावे आणि शिल्लक रोजकीर्दीत न चढवता पेटीत तशीच झाकून ठेवावी, तर तपासणीत त्याला अफरातफर म्हणतात.

भाचा : हेतू वाईट नव्हता, मामा. त्या काळी बहुतेक संगणकांत फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क होत्या. सुरू व्हायला मिनिटे लागत आणि लोक त्याबद्दल कंपन्यांना दूषणे देत. सोय केली ती लोकांसाठीच.

मामा : सोय करावी, पण नाव बदलावे.

या वाक्यावर भाच्याजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्याही मते ते असू शकत नाही. लिनक्सवाले असल्या बाबतीत अधिक सरळ असतात. तिथे एखादी सर्व्हिस थांबत नसेल तर पडद्यावर तिचे नाव आणि ९० सेकंदांच्या मुदतीपैकी किती उलटले याचा चालता आकडा येतो, आणि माणूस निदान कोणाची वाट पाहतो आहे हे जाणून वाट पाहतो. मुदतीची तक्रार तिथेही आहेच, लपवाछपवीची नाही.

आता उपाय दोन होते, आणि वाद पुन्हा पेटला तो त्यांवरून. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकणे हा एक. दुसरा, गाभा उतरवून ठेवताना अडखळणारा ड्रायव्हर शोधणे. भाच्याचा संशय मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये बसवलेल्या व्यवस्थापन इंजिनाच्या ड्रायव्हरवर होता, कारण विंडोज १० आल्यानंतर, म्हणजे २०१५ पासून, पडदा काळा पण पंखा चालू ही तक्रार पुष्कळ यंत्रांवर याच ठिकाणी सापडलेली आहे : अपडेटबरोबर आपोआप आलेली आवृत्ती काढून मदरबोर्ड बनविणाऱ्याने दिलेली आवृत्ती बसवली की ती मिटते.

मामा : खूण काढून टाक, म्हणजे झाले. चोरवाट बुजवली की चोराचा तपास कशाला?

भाचा : तुमच्या तोंडी हे शोभत नाही. बाजारात माझे व्यवसायबंधू काय करतात ठाऊक आहे ना? पेटी आणली की, “फॉरमॅट मारून देतो, विंडोज नवी टाकून देतो.” दोन दिवस ठीक चालते, मग अपडेटबरोबर तोच ड्रायव्हर परत येतो आणि गिऱ्हाईकही परत येते. कारण न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून ताळेबंद जुळवणे.

मामांच्या वर्मी बोट ठेवायचे तर याहून नेमकी जागा नव्हती. त्यांनी हात हलवून परवानगी दिली. ड्रायव्हर बदलला, यंत्र एकदा पुरते बंद करून उठवले, आणि मग शिफ्टला हात न लावता दिलेल्या साध्या शट डाऊनला दिवा विझला.

मामा : एक शंका. हे सगळे करूनही उद्या ठिपके फिरतच राहिले, तर तुझी वाट पाहायची?

भाचा : नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर थांबायचे, अपडेट चालू असल्याचे लिहिले असेल तर तासभरही थांबायचे. दोन्ही नसेल तर पेटीवरचे बटण ४ सेकंदांहून अधिक दाबून धरायचे. मग मदरबोर्ड विंडोजला न विचारता वीज तोडतो. ही तरतूद त्या एसीपीआयच्या तहनाम्यातच आहे.

मामा : म्हणजे शेवटचा अखत्यार मालकाचाच, असे त्यांनी लिहून ठेवले आहे!

भाचा : लिहून ठेवले आहे. मात्र शेवटचा.

निकाल द्यायचे मी कबूल केले होते, तो असा. ठिपके फिरत असताना भिंतीवरचे बटण ओढण्याचे मामांचे वर्तन समर्थनीय नाही, आणि रोजनाम्यातील तांबड्या नोंदी त्यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा आहेत. पडदा काळा होऊन डिस्कही शांत झाल्यावर ते ओढण्यात मात्र फारसा अपराध दिसत नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या म्हणजे, यंत्र रीतसर बंद झाल्यानंतर, ते अवश्य ओढावे, कारण ५ व्होल्टचा तो पहारा चालू ठेवणारी तार घरातल्या विजेलाच जोडलेली असते. कारण शोधल्यावाचून फॉरमॅट मारू नये, या मुद्द्यावर भाच्याची सरशी. बटणावर जे लिहिले आहे तेच बटणाने करावे, या मुद्द्यावर मामांची. आणि तो मुद्दा मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत वजनदार वाटतो.

ड्रायव्हर बदलल्यापासून यंत्र फास्ट स्टार्टअपसकट विनातक्रार बंद होऊ शकते. तरीही मामांनी ती खूण स्वहस्ते काढून टाकली आहे. संगणक सकाळी उठायला आता पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ घेतो, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.